विद्युत् भार घनता तरंग व अतिसंवाहकता

विद्युत् भार घनता तरंग व अतिसंवाहकता : सर्वसाधारण धातूच्या स्फटिकात संवाहक इलेक्ट्रॉनांची वाटणी एका अणूपासून दुसऱ्या अणूपर्यंत सारखीच असते. काही धातुरूप पदार्थांत मात्र तापमान एका विशिष्ट मूल्याखाली उतरले की, इलेक्ट्रॉनांची घनता ठराविक अंतराने कमीजास्त होऊ लागते आणि तिच्या जोडीने स्फटिक-जालकातील अणूही आपापल्या जागांवरून किंचित सरकतात. गोठलेल्या लाटेसारख्या या रचनेस विद्युत् भार घनता तरंग (पुढे संक्षेपाने भार-तरंग) म्हणतात. विशिष्ट तापमानाखाली पदार्थाचा विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होणे म्हणजे अतिसंवाहकता. हा आविष्कार हायके कामर्लिंग-ऑनेस यांना १९११ मध्ये लायडन येथे पाऱ्यात ४·२ के. तापमानाच्या सुमारास आढळला [→ अतिसंवाहकता]. भार-तरंगात इलेक्ट्रॉन अडकून पडतात, तर अतिसंवाहकात ते रोधाविना वाहतात. असे असूनही भार-तरंगाची कल्पना प्रथम पुढे आली, ती अतिसंवाहकतेचेच स्पष्टीकरण म्हणून.

पाऱ्याच्या जड समस्थानिकांत अतिसंवाहकता अधिक नीच तापमानास सुरू होते, असे १९५० मध्ये दिसून आले. त्यामुळे इलेक्ट्रॉन व जालकाची कंपने यांच्यातील परस्परक्रिया या आविष्काराच्या मुळाशी असावी, या हेर्बर्ट फ्रलिख यांनी त्याच वर्षी मांडलेल्या विचाराला पुष्टी मिळाली. लिव्हरपूल विद्यापीठात असताना १९५४ मध्ये फ्रलिख यांनी अणूंच्या एकाच सरळ साखळीचा प्रश्न सोडविला. साखळीतील अणू ठराविक अंतराने जवळ व दूर सरकले, तर इलेक्ट्रॉनांची ऊर्जा घटते. जालक विकृत करण्यास लागणारी ऊर्जा या घटीपेक्षा कमी भरत असल्याने साखळी आपोआप विकृत होते व इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत अंतर पडते. या तरंगाची लांबी अणूंमधील अंतराशी साध्या प्रमाणात नसेल, तर त्याला साखळीवर अमुक एका जागीच थांबण्याचे कारण उरत नाही. तो इलेक्ट्रॉनांसह सबंध सरकेल आणि प्रवाह रोधाविना वाहील, अशी त्यांची मांडणी होती.

हीच अस्थिरता रूडॉल्फ पाइअर्ल्स यांनाही आपल्या घन पदार्थांच्या पुंजसिद्धांतावरील ग्रंथाची (१९५५) सिद्धता करताना आढळली. निसर्गात खरीखुरी एकमितीय धातू नसल्याने हा मुद्दा केवळ तात्त्विक आहे, असे समजून त्यांनी त्याचा ग्रंथात ओझरता उल्लेख केला. आज ही अस्थिरता त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जॉन बार्डीन, लीऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताने अतिसंवाहकतेचा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटला. त्यांच्या सिद्धांतात परस्परविरुद्ध संवेगाचे दोन इलेक्ट्रॉन जालकाच्या मध्यस्थीने जोडीने बांधले जातात; भार-तरंगात इलेक्ट्रॉनाची जोडी रिकाम्या राहिलेल्या इलेक्ट्रॉन-स्थानाशी जमते. दोहोंत ऊर्जा-अंतर पडते आणि मध्यस्थही बहुधा तोच असतो. फ्रलिख यांचे मध्यस्थाविषयीचे अनुमान बरोबर ठरले. चुकली ती जोडी. त्यांच्या सरकत्या तरंगाचा प्रत्ययही पुढे आला. निओबियम ट्रायसिलिनाइडात विद्युत् क्षेत्र वाढविल्यावर प्रवाह ओहम नियमाबाहेर वाढतो, असे १९७६ मध्ये आढळले. परंतु तेथे अशुद्धी तरंगाला जखडून ठेवतात, तो सुटण्यास किमान क्षेत्र लागते आणि सुटल्यावरही त्याला घर्षण होतेच.

दरम्यान एकमितीय पदार्थांविषयी मोठ्या आशा निर्माण झाल्या होत्या. कार्बनी साखळ्यांत नेहमीच्या तापमानासही अतिसंवाहकता शक्य आहे, असे विल्यम लिटल यांनी १९६४ मध्ये सुचविले. पेनसिल्व्हेनिया येथील गटाला १९७३ मध्ये एका कार्बनी लवणाच्या काही स्फटिकांत ६० के. च्या आसपास संवाहकतेचे अत्युच्च शिखर दिसले आणि ती अतिसंवाहकतेची चाहूल मानली गेली. इतर प्रयोगशाळांना तेवढी मूल्ये मिळाली नाहीत. सु. ५४ के. खाली तेच लवण भार-तरंगामुळे निरोधक बनते, असे मात्र निश्चित झाले. येथून भार-तरंगाकडे अतिसंवाहकतेचा प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले जाऊ लागले.

या स्पर्धेची खरी कसोटी स्तरित संयुगांत लागली. बेल प्रयोगशाळेतील विल्सन, डी साल्व्हो व महाजन यांनी १९७४ मध्ये अशा संयुगांत भार-तरंग असल्याचे दाखविले. थरांमध्ये ऊर्जा-अंतर काही इलेक्ट्रॉनांपुरतेच पडते. उरलेले मोकळे राहतात व तेच पुढे अतिसंवाहक होऊ शकतात. टँटॅलम डायसिलिनाइड, टँटॅलम डायसल्फाइड व निओबियम डायसिलिनाइड यांच्या एकाच स्फटिकप्रकारात भार-तरंग अनुक्रमे सु. १२२, ७५ व ३३ के. तापमानास उद्भवतो, अतिसंवाहकता मात्र सु. ०·१५, ०·८ व ७·२ के. ला येते. एक चढते तेव्हा दुसरे उतरते. एकाच ऊर्जापातळ्यांवर दोघांचा दावा असल्याने असे घडते, हा विचार बिलब्रो व मॅकमिलन यांनी १९७६ मध्ये गणिताने मांडला. तथापि याच जातीच्या निओबियम डायसल्फाइडात भार-तरंग नाहीच, आणि तरीही त्याची अतिसंवाहकता सु. ६ के. लाच सुरू होते. केवळ वैराचा हिशेब येथे जुळत नाही.

निओबियम डायसिलिनाइडातील सहवास तर विशेष बोधप्रद ठरला. सूर्यकुमार व क्लाइन यांना १९८० मध्ये त्याच्या रामन प्रकीर्णनात अतिसंवाहक ऊर्जा-अंतराशी निगडित अशी नवी रेषा दिसली. एरवी प्रकाशाला प्रतिसाद न देणारे अतिसंवाहक अवस्थेचे आंदोलन भार-तरंगाच्या द्वारे दृश्य होते, असा तिचा अर्थ लिटलवुड व वर्मा यांनी १९८१ मध्ये लावला. कणभौतिकीतील हिग्ज कणाशी साधर्म्य असलेले हे आंदोलन प्रतिस्पर्ध्याच्या साहाय्यानेच हाती लागले, हे नमूद केले पाहिजे.

बेडनॉर्ट्स व म्युलर यांनी १९८६ मध्ये ताम्र ऑक्साइडांतील अतिसंवाहकता शोधली, तेव्हा भार-तरंगाचा विषय काहीसा मागे पडला. पण तो याच पदार्थांतून परतला. ट्रँक्वाडा व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनाने लँथॅनमयुक्त ऑक्साइडात विद्युत् भार व चुंबकत्व यांचे एकाआड एक पट्टे दाखविले. असे पट्टे जेथे स्थिर होतात, तेथे अतिसंवाहकता एकदम खालावते. इट्रियम-बेरियम ताम्र ऑक्साइडात क्ष-किरणांनी २०१२ मध्ये भार-तरंग आढळला. अतिसंवाहकता सुरू होताच तो क्षीण होतो आणि चुंबकीय क्षेत्राने अतिसंवाहकता दुर्बल केली की पुन्हा बळावतो. स्पर्धेचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. मात्र तेथील अतिसंवाहकतेचे मूळ कोणते, हे त्यावरून ठरत नाही.

भार-तरंग दडपल्यावर अतिसंवाहकता प्रकटते, याचीही उदाहरणे आहेत. टिटॅनियम डायसिलिनाइडात भार-तरंग सु. २०० के. ला येतो, थरांमध्ये तांबे घातले की तो विरतो व ४ के. च्या किंचित वर अतिसंवाहकता मिळते, असे प्रिन्स्टन येथे २००६ मध्ये आढळले. पण त्याच संयुगावर दाब देऊन केलेल्या २०१४ मधील क्ष-किरण प्रयोगात, अतिसंवाहकता संपल्यावरही भार-तरंग टिकून असल्याचे दिसले. सीझियम, व्हॅनेडियम व अँटिमनी यांच्या, जपानी टोपलीच्या विणीसारखी अणुरचना असलेल्या संयुगात भार-तरंग सु. ९४ के. ला व अतिसंवाहकता सु. २·५ के. ला येते. २०२१ मध्ये त्यावर दाब वाढवीत नेला असता अतिसंवाहकतेचे तापमान दोनदा शिखरावर गेले : एकदा भार-तरंग लोपण्याच्या बेतात असताना, सु. २०,००० वातावरणे दाबास, आणि त्याआधी एकदा तो चांगला शाबूत असतानाच.