त्सुमागोचा निर्धार

जपानांतील एडो, म्हणजे आजचें टोकियो, आणि क्योटो यांना जोडणाऱ्या नाकासेन्दो या जुन्या मार्गावर मुक्कामाचीं ६९ ठाणीं होतीं. किसो नदीच्या डोंगराळ खोऱ्यांतील त्सुमागो हें त्यांपैकीं ४२ वें. सरंजामदारांचे लवाजमे, व्यापारी व यात्रेकरू येथें विसावत आणि त्यांच्यावरच गांवाचें पोट चाले. पुढें खोऱ्यांतून आगगाडी आली. १९११ सालीं लोहमार्ग पुरा झाला. पण तो गांवाला वगळून गेला. वाटसरू आटले, पांथशाळा ओस पडल्या, तरुण मंडळी शहराकडे निघून गेली. जुनीं लाकडी घरें मात्र तशींच उभीं राहिलीं, कारण तीं पाडून नवीं बांधण्याची कोणाची ऐपतच नव्हती.

दारिद्र्यानें राखलेलें हें धन सुबत्ता येतांच नाहींसें होण्याचा संभव होता. १९६८ मध्यें घरांच्या जीर्णोद्धारास आरंभ झाला. १९७१ मध्यें ग्रामस्थांनीं स्वतःवर तीन बंधनें घालून घेतलीं : विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, पाडावयाचें नाहीं. विजेच्या तारा दृष्टीआड गेल्या. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारींना मज्जाव झाला. १९७६ मध्यें सरकारनेंही या वस्तीस संरक्षण दिलें.

आज मागोमे गांवाहून सुमारें ८ किलोमीटरांची डोंगरवाट तुडवीत प्रवासी येथें येतात. त्यांना जी शांतता आयती लाभते, तिचें मोल ग्रामस्थांनीं आधींच चुकविलेलें आहे : आपल्याच घराचा सौदा करण्याचा हक्क त्यांनीं आपखुषीनें सोडला आहे.