टाकीतला मासा गायब झालाय? आधी टाकीत नाही, जमिनीवर शोधा

रात्री झोपताना टाकीत सहा मासे होते. सकाळी खाणं टाकलं तर वर आले पाचच. पुन्हा मोजले, तरी पाचच. घरात फिशटँक असणाऱ्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. मग लोक पहिली गोष्ट काय करतात? टाकीत हात घालून दगड, झाडं, शोभेच्या वस्तू उचलायला लागतात.

नेमकं हेच आधी करायचं नसतं. मासा टाकीतच लपला असेल तर त्याला घाई नाही, तो तासाभराने सापडला तरी चालतो. पण तो उडी मारून बाहेर पडला असेल तर त्याच्याकडे काही मिनिटंच असतात. म्हणून शोध सुरू करायचा तो जमिनीवरून.

टाकीच्या समोर तर बघाच, पण बाहेर पडलेला मासा बहुतेक वेळा मागच्या बाजूला सापडतो, कारण वायर आणि पाइपसाठी झाकणाला मागेच फट ठेवलेली असते. टाकी आणि भिंतीमधली जागा, स्टँडच्या खाली, वायरींचा गुंता, सोफ्याखाली, पायपुसण्याच्या घडीत, सगळीकडे मोबाइलचा टॉर्च मारून बघा. फरशीवर पडलेला मासा तडफडत बराच पुढे जातो, त्यामुळे चार-पाच फुटांचा परिसर तपासायला हवा. घरात मांजर असेल तर मात्र पुढचं सांगायला नको.

सापडलेला मासा कडक वाटला, अंगाला धूळ लागलेली असली, तरी लगेच टाकून देऊ नका. मेलाय असं वाटलेले मासे पाण्यात गेल्यावर पुन्हा कल्ले हलवायला लागल्याची उदाहरणं या छंदात भरपूर आहेत. हात ओले करून त्याला उचला, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला जंतूंपासून वाचवत असतो. एका भांड्यात टाकीतलंच पाणी घेऊन धूळ निघेल इतपत त्याला बुडवा, मग हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांजवळ ठेवा. नळाचं पाणी थेट वापरू नका, त्यातलं क्लोरिन कल्ल्यांना भाजतं. टाकीत दांडगे मासे असतील तर दोन-तीन दिवस वेगळ्या भांड्यात ठेवलेला बरा.

आपल्याकडे फायटर म्हणून विकला जाणारा बेटा या बाबतीत नशीबवान. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला एक खास अवयव असतो, त्यामुळे तो हवेतलाही ऑक्सिजन घेऊ शकतो आणि अंग ओलं असेपर्यंत इतरांपेक्षा जास्त वेळ टिकतो. आपली मरळही हवेत श्वास घेते आणि ओल्या जमिनीवरून सरपटत पुढे जाते. मरळीच्या कुळातले छोटे मासे हल्ली हौसेने पाळले जातात, आणि टाकीतून निसटण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

जमिनीवर काही सापडलं नाही, तर पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: काल-परवा पाणी बदललं होतं का? पाइपने तळाची घाण ओढताना गप्पीची पिल्लं किंवा छोटे टेट्रा सहज बादलीत जातात. ते पाणी मोरीत ओतलं असेल तर विषय संपला. म्हणून पाणी बदलल्यावर बादली पाच मिनिटं तशीच ठेवून एकदा नजर टाकलेली चांगली.

त्यानंतर फिल्टर. मागे टांगायच्या फिल्टरचा डबा, आतल्या फिल्टरचा स्पंज, बाहेर ठेवायच्या फिल्टरची बादली, सगळं उघडून बघा. कुहली लोच नावाचा शेवयांसारखा बारीक, पट्टेरी मासा पाण्याच्या ओढीसोबत थेट फिल्टरमध्ये जातो आणि तिथे अडकलेलं खाणं खाऊन मजेत राहतो. फिल्टर साफ करायला उघडला आणि महिनाभरापूर्वी ‘वारलेला’ लोच आत सापडला, हे किस्से मासे पाळणाऱ्यांना नवीन नाहीत. फिल्टरच्या तोंडावर साधा स्पंज बसवला की हा प्रकार थांबतो.

फिल्टर उघडण्याआधी किंवा टाकीत हात घालण्याआधी हीटर, पंप, लाइट या सगळ्याचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पाणी आणि वीज एकाच ठिकाणी असताना माशापेक्षा आपला जीव मोठा.

आता टाकीच्या आत. सकर म्हणून विकला जाणारा प्लेको, लोच, बरेचसे कॅटफिश हे रात्रीचे प्राणी. दिवसा ते लाकडाच्या खाली, पोकळ खेळण्यात, कधी वाळूत पूर्ण गाडून घेऊन बसतात. त्यांना शोधायला टाकी उपसायची गरज नाही. रात्री खोलीतले आणि टाकीतले लाइट बंद करा, तळाला बुडणाऱ्या खाण्याची एक गोळी टाका आणि तासाभराने मंद टॉर्च मारून बघा. दिवसभर न दिसलेला गडी बहुतेक वेळा तिथेच चरताना सापडतो. किल्ले, मडकी, जहाजं असल्या वस्तूंच्या भोकांत मात्र मासे खरोखर अडकतात. अशी वस्तू पाण्याबाहेर काढण्याआधी आत टॉर्च मारा. मासा अडकलेला दिसला तर त्याला ओढू नका, वस्तू पाण्यातच हळूहळू फिरवा.

काहीच सापडत नसेल तर तो मेला असण्याची शक्यता धरावी लागते. मग सांगाडा तरी दिसायला हवा, असं अनेकांना वाटतं. पण तीन सेंटिमीटरचा निऑन टेट्रा रात्री मेला तर सोबतचे मासे, गोगलगायी आणि झिंगे मिळून सकाळपर्यंत त्याचा मागमूसही ठेवत नाहीत. शिवाय जिवंतपणीही तो कुणाचं तरी जेवण झालेला असू शकतो. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो कधीतरी तिथे जातोच. ऑस्करसोबत गप्पी ठेवले तर हे लगेच कळतं. शांत दिसणारी एंजल वाढली की निऑन टेट्रा गिळायला लागते, हे मात्र दुकानदार सहसा सांगत नाही.

इथे प्रश्न फक्त हरवलेल्या माशाचा राहत नाही. कुठेतरी सडणाऱ्या माशातून अमोनिया सुटतो आणि तो उरलेल्या माशांचे कल्ले जाळतो. २०० लिटरच्या टाकीत एक निऑन मेला तर फारसा फरक पडत नाही, पण २० लिटरच्या टाकीत बोटभर मासा कुजला तर सगळेच जाऊ शकतात. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया तपासायचं किट मिळतं. चांगल्या टाकीत आकडा शून्य यायला हवा. आकडा वर असेल, पाणी दुधाळ दिसत असेल, वास येत असेल किंवा मासे पृष्ठभागावर तोंड काढत असतील, तर २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि तेव्हा मात्र दगड-लाकूड उचलून कलेवर शोधाच. सगळी टाकी रिकामी करून धुणं हा उपाय नाही. अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू फिल्टरमध्ये आणि खडीवरच राहतात, ते गेले की संकट दुप्पट होतं.

मासा मुळात उडी का मारतो? नवीन टाकीची भीती, दुसऱ्या माशाचा पाठलाग, अंधारात अचानक लागलेला लाइट, खराब पाणी, किंवा नुसता स्वभाव. अरोवाना निसर्गात पाण्याबाहेर झेप घेऊन किडे पकडतो, हॅचेटफिशही उडीबहाद्दर. आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही यात हात आहे. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. त्यात दुपारी लाइट गेली आणि पंप बंद पडला की मासे वर येऊन गुदमरायला लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप अशा वेळी कामाला येतो.

झाकण नसेल तर पाण्याची पातळी काठापासून चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवा आणि वर बारीक जाळी टाका. झाकण असेल तर मागची फट स्पंजच्या तुकड्याने बुजवा. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस असाच टाकीच्या वरच्या फटीतून निसटला आणि सांडपाण्याच्या पाइपमधून थेट समुद्रात गेला. २०१६ साली ही बातमी जगभर गाजली होती. घरातल्या माशाला मात्र मोरीपलीकडे समुद्र मिळत नाही.

आणि हरवलेला मासा लोच किंवा प्लेको असेल, अमोनिया शून्य असेल, बाकीचे मासे ठणठणीत असतील, तर त्याच्या जागी नवा मासा आणायची घाई करू नका. असे मासे तीन-तीन आठवडे दर्शन देत नाहीत.