फिरत्या घरासाठी जनरेटर घेताय? आधी एसीचा हिशेब करा

शुक्रवारी रात्री दहिसर आणि मुलुंडचा चेकनाका ओलांडून जव्हार, कसारा, इगतपुरीकडे निघणाऱ्या गाड्यांत आता एक नवी गाडी दिसू लागली आहे. बाहेरून साधी ट्रॅव्हलर किंवा विंगर, आत मात्र पलंग, छोटा ओटा, पंखा, कधी एसी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द गावातही ऐकू येतो. आपल्याकडचे काही तरुण जुनी गाडी घेऊन तिचं फिरतं घर करायच्या विचारात आहेत. गिऱ्हाईक अंधेरी, बोरिवली, घाटकोपरचं. आणि त्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रात्रभर एसी चालेल ना?

हा प्रश्न त्यांना सोपा वाटतो, कारण उपनगरात रोजचं भारनियमन त्यांनी पाहिलेलं नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानी किंवा टाटा पॉवरची वीज, मुलुंडला महावितरणचीही. बटण दाबलं की एसी सुरू. गावाकडच्या माणसाला मात्र जनरेटर नवा नाही. लग्नाच्या मांडवामागे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा तो श्रीराम होंडा अजून अनेकांच्या कानात घुमत असेल. म्हणूनच 'एक घेऊन टाकू, चालतंय' असा विचार होतो. गाडीच्या बाबतीत तो विचार महागात पडतो, कधी जिवावरही बेततो.

किती वीज लागते?

दुकानात जाण्याआधी कागदावर हिशेब मांडावा. बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट घेतो, एलईडी बल्ब ९ वॅट, ३२ इंची टीव्ही ५० वॅटच्या आसपास. चार जणांच्या कुटुंबाने दोन पंखे दहा तास, चार बल्ब पाच तास, टीव्ही दोन तास चालवला आणि चौघांचे मोबाईल चार्ज केले, तरी रात्रीची वीज एका युनिटच्या आतच राहते. एवढ्यासाठी जनरेटरची गरजच नाही.

एक टनाचा एसी आला की गणित फिरतं. तो एकटाच चालू असताना हजार वॅटच्या आसपास घेतो, आणि गाडीचा पत्रा उन्हात तापलेला असला, आतून थर्माकोल किंवा फोमचा थर नसला, तर कंप्रेसर बंद पडायचं नावच घेत नाही. साध्या एसीचा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त ओढतो. छोटा जनरेटर तिथेच गुदमरून बंद पडतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, म्हणून गाडीत तोच बसवावा. इंडक्शन शेगडी १८०० ते २००० वॅट, पाण्याची किटली १५०० वॅट. एसीसोबत यातलं काही लावायचं असेल तर दोन केव्हीएचा जनरेटर विसरावा.

डोंगरावर आणखी एक तोटा. हवा विरळ होते तशी इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे सात टक्के गेले. महाबळेश्वरला पंधरा टक्क्यांच्या घरात. बोरिवलीत चालवून दाखवलेला एसी घाटमाथ्यावर जनरेटर बंद पाडतो, तो यामुळे.

बाजारात काय मिळतं

सगळ्यात स्वस्त म्हणजे ऑइल मिसळून पेट्रोल लागणारे छोटे टू-स्ट्रोक जनरेटर. नावात ९५० असलं तरी सतत मिळतात ते सहा-सातशे वॅट. धूर आणि आवाज भरपूर. मांडवात दिव्यांच्या माळा लावायला ठीक, गाडीत नको.

त्यावरचे लोखंडी पाइपांच्या सांगाड्यातले फोर-स्ट्रोक पेट्रोल जनरेटर, दोन ते तीन केव्हीएचे. गावाकडे हेच जास्त विकले जातात आणि दुरुस्तीही तालुक्याला होते. पंप, ग्राइंडर, वेल्डिंगवाल्याचं छोटं काम यांना उत्तम. पण यांचं इंजिन लोड असो-नसो एकाच वेगाने धावतं, त्यामुळे दोन बल्बांसाठीही पेट्रोल जळत राहतं, आणि आवाज सात मीटरवरही साधारण ७० डेसिबलच्या घरात असतो. घेताना वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं हे बिलावर लिहून घ्यावं. तोंडी सगळेच तांब्याचं सांगतात.

गाडीसाठी खरा बनलेला प्रकार म्हणजे इन्व्हर्टर जनरेटर. बंद पेटीतला, सुटकेससारखा. लोड कमी झाला की इंजिनाचा वेगही कमी होतो. आवाज सात मीटरवर साधारण ५० ते ६० डेसिबल, वीज स्वच्छ, म्हणून लॅपटॉप-टीव्हीला धोका नाही. किंमत मात्र तेवढ्याच ताकदीच्या साध्या जनरेटरच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. जगभर कॅम्पिंगसाठी वापरला जाणारा होंडाचा ईयू२२आय पाहिला तर अंदाज येतो: वजन २१ किलो, सतत १८०० वॅट, टाकी ३.६ लिटरची. पूर्ण लोडवर तीन तासांहून थोडा जास्त चालतो, पाव लोडवर आठ तास.

या आकड्यांवरून एक लिटर पेट्रोलमागे एक ते दीड युनिट वीज निघते. पेट्रोल शंभर रुपयांच्या पुढे धरलं तर एक युनिट ७० ते १०० रुपयांना पडलं. घरच्या मीटरच्या कैक पट. एसी रात्रभर चालवायचा तर चार-पाच युनिट, म्हणजे चार लिटरच्या आसपास पेट्रोल. भाडं ठरवताना हा खर्च आधी धरला नाही तर सीझन संपल्यावर हातात काही उरत नाही.

शिवाय साडेतीन लिटरची टाकी एसीवर पाचेक तासांत रिकामी होते. रात्री दहाला लावला तर तीनच्या सुमाराला बंद. मग कोणीतरी झोपेतून उठून, मोबाईलच्या उजेडात, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतणार. आगी लागतात त्या अशाच. ज्यांना एसी द्यायचाच आहे त्यांनी मोठ्या टाकीचा बघावा. होंडाच्याच ईयू३०आयएसला १३ लिटरची टाकी आहे, पण वजन साठ किलोच्या आसपास. एकट्याने उचलायचं काम नव्हे, आणि किंमतही त्याच मापाची.

छोटा डिझेल जनरेटर इंधनाला स्वस्त, पण जड आणि धक्के देणारा. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा मढच्या बंगल्यांबाहेर उभ्या असलेल्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये तो चालतो. तिथे गाडी मोठी, जनरेटरचा कप्पा वेगळा, आणि सोबत सांभाळणारा माणूस. ट्रॅव्हलरएवढ्या गाडीत तो थाट झेपत नाही.

एसी नसेल तर बॅटरीच बरी

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत सव्वा युनिट वीज मावते आणि तिचं वजन बारा किलोच्या आसपास. वर मांडलेला पंखे-दिवे-टीव्हीचा हिशेब त्यात बसतो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरीही चालते, पण ती पन्नास-साठ किलोची, निम्म्याहून जास्त उतरवली तर लवकर मरते आणि चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो. झोपायच्या जागेत ती नसावी.

बॅटरी भरण्यासाठी वेगळी खटपट लागत नाही. गाडीच्या अल्टरनेटरला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर जोडला की तासाला चारशे वॅटच्या आसपास भर पडते. बोरिवली ते जव्हार हा तीन-साडेतीन तासांचा प्रवास संपेपर्यंत बॅटरी जवळपास भरलेली असते. चार्जर न लावता अल्टरनेटरवरून सरळ वायर ओढणारे मेकॅनिक भेटतात. ती वायर तापते आणि लिथियम बॅटरी अल्टरनेटरलाही जाळू शकते. छतावर सोलर पॅनेल टाकलं तर छान, मात्र जून ते सप्टेंबर कोकणपट्ट्यात त्याच्या भरवशावर राहू नये.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी घाटमाथ्यावर रात्री एसी लागतच नाही. गिऱ्हाइकाला हे नीट सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. एप्रिल-मेच्या बुकिंगपुरता जनरेटर मंडपवाल्याकडून भाड्याने घेणं हा पर्यायही विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडू शकतो.

धूर दिसत नाही, वास येत नाही

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या फटीतून आत शिरल्याचं समोर आलं.

या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. एसी लावायचा म्हणून काचा बंद केलेल्या असतात, तोच घात होतो. जनरेटर गाडीच्या आत, खाली, डिकीत किंवा टपावर कुठेही चालू ठेवू नये. दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, मोकळ्या जागी, धुराड्याचं तोंड गाडीपासून दूर आणि वाऱ्याच्या दिशेने. ताडपत्रीच्या खोपट्यात ठेवला तरी धोका तोच. पाऊस असेल तर चारी बाजू उघड्या असलेल्या छपराखाली ठेवावा, नाहीतर बंद करावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. तो धुराच्या अलार्मपेक्षा वेगळा असतो, घेताना नाव नीट वाचावं. भाड्याच्या गाडीत तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणूच नये. गाडीचं इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं किंवा थंडीत आत शेगडी पेटवून झोपणं, यातही हाच वायू आहे.

तोच जनरेटर लाइट गेल्यावर घराला जोडायचा मोह होतो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर प्लगमध्ये खुपसली की वीज उलटी तारेत जाते आणि डीपीवर काम करणाऱ्या वायरमनला बसते. मधे चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय हे करू नये.

कागदपत्रं आणि शेजारी

गाडीत कायमचे फेरबदल करायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. मुंबई उपनगरातली एमएच ०२, ०३ किंवा ४७ पासिंगची 'तयार' व्हॅन स्वस्तात मिळाली, तर आतलं फर्निचर बघण्याआधी आरसी बुकात बदल चढले आहेत का ते बघावं. नसतील तर अपघातात विमा अडकू शकतो. सुटं पेट्रोल स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येतं, पण ते धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, माणसं बसतात तिथे नाही.

रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. गोराई-मनोरीच्या किनाऱ्यावर असो की जव्हारच्या पाड्याजवळ, साधा जनरेटर रात्रभर चालवला तर गाव तक्रार करणारच, आणि ती रास्त असेल.

ज्यांच्याकडे अंगण किंवा कृषी पर्यटन केंद्र आहे, त्यांना यात धंदा आहे. १६ अँपिअरचा एक सॉकेट साडेतीन किलोवॅटपर्यंत वीज देतो, म्हणजे एसी आरामात चालतो. चांगलं अर्थिंग, आरसीसीबी, पावसापासून झाकलेला बॉक्स आणि वेगळा सबमीटर एवढं केलं की येणारी व्हॅन जनरेटर सुरूच करत नाही. युनिटमागे १०० रुपयांचं पेट्रोल जाळणारा माणूस रात्रीच्या पार्किंगचे आणि विजेचे पैसे आनंदाने देतो. फक्त ही वीज शेतीपंपाच्या जोडणीवरून देऊ नये. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाची आकारणी होते. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात व्यावसायिक जोडणीचा अर्ज करावा.

घेतलेला जनरेटर पावसाळ्यात चार महिने पडून राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवावेत. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं, आणि दसऱ्याला दोरी ओढून ओढून हात भरून येतात तरी इंजिन सुरू होत नाही. नव्या जनरेटरचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं, पुढे दर शंभर तासांनी.