मोडलेल्या गाडीचे मोल
(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या घरी १९५८ सालची एक फियाट मोटार होती. पाठ गोल, तोंड निमुळते आणि पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी. या गाडीला आपल्याकडे लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. वडिलांनी ती जुनीच विकत घेतली होती आणि पुढे तीस वर्षे पोटच्या पोराप्रमाणे सांभाळली. २००९ सालच्या डिसेंबरात आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने जुन्या गोव्याच्या फेस्ताला निघालो असता एका वळणावर समोरून आलेल्या ट्रकने गाडीला धडक दिली. ट्रक थांबला नाही. त्याचा क्रमांक टिपून घेण्याचे भानही आम्हांस राहिले नाही. देवाच्या कृपेने वडिलांच्या मनगटास मार बसला, त्यापलीकडे कोणाला काही झाले नाही. गाडीची मात्र चॅसी वाकली, रेडिएटर फुटला आणि इंजिन आपल्या जागेवरून सरकले.

विमा होता. वर्षानुवर्षे हप्ता वेळेवर भरलेला होता. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने गाडी न्याहाळली आणि सांगितले, की दुरुस्तीस नव्वद हजार तरी लागतील, पण विमापत्रात गाडीची किंमत वीस हजार लिहिलेली आहे. तेव्हा ही गाडी 'संपूर्ण नुकसान' या सदरात जाते. वडील म्हणाले, "ठीक आहे, मग मला अशी दुसरी गाडी वीस हजारांत आणून द्या." त्यावर तो गृहस्थ अतिशय शांतपणे म्हणाला, "काका, हा आकडा आम्ही घातलेला नाही. खाली सही तुमची आहे."

ते खरे होते. हप्ता कमी बसावा म्हणून दर वर्षी एजंट जो आकडा घाली, त्याखाली वडील सही करीत. त्या दिवशी आम्हांस जो राग आला, तो कोणावर काढावा हे कळेना. पुढे मी इतिहासाचा शिक्षक या नात्याने या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ लागलो, तेव्हा ध्यानात आले, की मोडलेल्या वस्तूचे मोल कोणी व केव्हा ठरवावे हा वाद मोटारीहून फार जुना आहे. तो समुद्रावर जन्मला.

आपला 'विमा' हा शब्द फारसीतून आला, परंतु त्यामागील व्यवहार या देशास परका नव्हता. सुजान राय भंडारी याने १६९५ च्या सुमारास लिहिलेल्या फारसी इतिहासात सराफ लोक व्यापाऱ्यांच्या मालाचा विमा उतरवीत असल्याचा उल्लेख आहे. पश्चिम किनाऱ्यावर 'जोखमी हुंडी' चालत असे. माल पाठविणारा व्यापारी, माल घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिहून ती सराफाला विकी. जहाज सुखरूप बंदरास लागले तर हुंडीचे पैसे मिळत. जहाज बुडाले तर हुंडीही बुडे. म्हणजे सागराची जोखीम हुंडी विकत घेणाऱ्याच्या शिरावर. या व्यवहाराचा विशेष असा, की मालाचे मोल जहाज निघण्यापूर्वीच कागदावर येत असे. बुडाल्यावर घासाघीस करण्यास जागाच उरत नसे.

युरोपातही गोष्ट अशीच घडली. तेथे प्रारंभी जहाजावर कर्ज देत आणि जहाज बुडाल्यास कर्ज माफ करीत. त्या जोखमीपोटी व्याज मात्र जबर घेत. तेराव्या शतकात पोप नववे ग्रेगरी यांनी असे व्याज निषिद्ध ठरविले. तेव्हा व्यापाऱ्यांना कर्ज आणि जोखीम यांची फारकत करणे भाग पडले, आणि निव्वळ जोखमीची किंमत, म्हणजेच हप्ता, ही कल्पना स्वतंत्रपणे वाढीस लागली, असे अनेक इतिहासकार मानतात. जिनोवा येथील १३४७ सालचा करार हा ज्ञात विमाकरारांतील अगदी आरंभीचा समजला जातो. पेद्रो द सांतारेम या पोर्तुगीज कायदेपंडिताने विम्यावर लिहिलेला ग्रंथ १५५२ साली व्हेनिस येथे छापून निघाला. या विषयावरील तो पहिला शास्त्रीय ग्रंथ होय.

पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉईड याच्या कॉफीगृहात नावाडी, व्यापारी आणि जोखीम घेणारे सावकार जमू लागले. त्यातूनच आज जगप्रसिद्ध असलेली लॉईड्स ही संस्था उभी राहिली. परंतु जेथे पैसा तेथे जुगारही आला. ज्यांचा जहाजाशी काडीचाही संबंध नाही, असे लोक त्याच्यावर विमा उतरवू लागले. जहाज बुडण्यातच ज्याचा लाभ, तो ते बुडावे म्हणून काय करणार नाही? म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १७४५ च्या कायद्याने, हितसंबंध नसलेल्या माणसाने जहाजाचा विमा उतरविण्यास मनाई केली. विमा हा नुकसान भरून काढण्यासाठी आहे, कमाईसाठी नव्हे, हे तत्त्व तेव्हापासून दृढ होत गेले. आपला सर्व्हेअर प्रत्येक खिळ्याची किंमत शंकेने का पाहतो, याचे मूळ येथे आहे.

मग भरपाई दिल्यावर मोडक्या वस्तूचे काय? याचे उत्तर 'लुटीन' नावाच्या युद्धनौकेच्या कथेत मिळते. ही मूळची फ्रेंच नौका इंग्रजांच्या हाती आली होती. ९ ऑक्टोबर १७९९ रोजी हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांसाठी सोने घेऊन जात असता ती हॉलंडच्या किनाऱ्यालगत वादळात बुडाली. लॉईड्सच्या विमेदारांनी संपूर्ण भरपाई दिली, आणि त्याबरोबर बुडालेल्या सोन्यावरील हक्क त्यांच्याकडे आला. त्या वेळी हॉलंडशी युद्ध चालू असल्यामुळे डच सरकारने त्या अवशेषांवर आपला दावा सांगितला. अखेर १८२३ साली डच राजाने आपला वाटा इंग्लंडच्या राजास दिला व तो लॉईड्सकडे आला. १८५८ साली जहाजाची घंटा समुद्रातून वर काढण्यात आली. ती आजही लॉईड्सच्या दालनात टांगलेली आहे. जहाज बुडाल्याची वार्ता आली की एक ठोका आणि हरवलेले जहाज परतले की दोन ठोके, अशी तेथे प्रथा होती. ज्याने पूर्ण किंमत मोजली त्याचा भंगारावर हक्क, हा नियम ती घंटा जणू मुक्यानेच सांगते.

हे सारे अनुभव १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्यात आले, आणि त्याच धर्तीवर भारताने १९६३ साली आपला सागरी विमा कायदा केला. त्यात विमापत्रांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात वस्तूचे मोल आधीच ठरवून लिहिलेले असते. लबाडी नसेल तर ते मोल दोन्ही पक्षांवर बंधनकारक होते. दुसऱ्यात मोल लिहिलेले नसते. ते नुकसान झाल्यावर सिद्ध करावे लागते. त्या कायद्यात आणखी एक सोय आहे. जहाज पूर्ण नष्ट झालेले नसले तरी ते दुरुस्त करण्यास त्याच्या किमतीहून अधिक खर्च येत असेल, तर ते गेलेच असे मानता येते.

मोटारीचा विमा आला तो या सागरी विद्येचे बोट धरून. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉईड्समध्ये पहिल्या मोटारीचा विमा उतरविताना विमेदारांना जहाजांखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. म्हणून त्यांनी मोटारीचे वर्णन 'कोरड्या जमिनीवर चालणारे जहाज' असे केले, अशी आठवण ती संस्था अजून सांगते. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने दुसऱ्याच्या हानीसाठी विमा सक्तीचा केला. ती कलमे १ जुलै १९४६ पासून लागू झाली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र ऐच्छिकच राहिला, आणि तो आजही ऐच्छिकच आहे.

२००२ साली देशभर एकच दरपत्रक अमलात आले. त्यात विमाधारकाने जाहीर केलेली किंमत, म्हणजे लोक जिला 'आय.डी.व्ही.' म्हणतात, ती दावा निकालात काढण्याचा पाया ठरली. नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होई: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, आणि चौथ्या वर्षानंतर पाचवे पूर्ण होईपर्यंत ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी 'गेली' असे मानावयाचे. किरकोळ नुकसानीतही दहा वर्षांवरील गाडीला नवा धातूचा भाग बसविल्यास निम्मीच किंमत मिळे. जुन्या गाडीचा दिवा मुंबईच्या चोरबाजारात शोधून दामदुप्पट पैशाने आणला, तरी हिशेब निम्म्याचाच.

पण त्याच दरपत्रकात आणखी एक वाक्य होते. पाच वर्षांवरील आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांची किंमत विमाधारक व कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवावी, आणि ती किंमत संपूर्ण नुकसानीच्या वेळी वर्षभर बाजारभाव म्हणून मानावी! श्रोतेहो, जोखमी हुंडीचा तोच जुना न्याय येथे सरकारी कागदावर उभा होता. दार उघडे होते. आमच्यासारख्यांनी त्यातून पाऊल टाकले नाही, कारण आम्ही हप्त्याकडे पाहिले आणि आकड्याकडे पाठ फिरविली. ३१ डिसेंबर १९४० पूर्वीच्या प्रमाणित गाड्यांना तर हप्त्यात २५ टक्के सूटही होती. आमची फियाट त्या मानाने पोर ठरली.

जुन्या गाडीचे मोल उतरत नाही, तर एका वयानंतर चढू लागते, हे ध्यानी घेतल्यास काय होते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. 'मिस्टर बीन' या भूमिकेमुळे जगास ठाऊक असलेले नट रोवन अ‍ॅटकिन्सन यांची मॅक्लॅरन एफ-वन ही गाडी २०११ च्या ऑगस्टमध्ये झाडावर आदळून मोडली. तशा गाड्या सर्व मिळून १०६ च झालेल्या. विमा कंपनीने तिच्या दुरुस्तीसाठी सुमारे ९ लाख १० हजार पौंड दिले. दुरुस्तीस वर्षाहून अधिक काळ लागला. गाडीचे मोल दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पट होते, म्हणून ती भंगारात गेली नाही. २०१५ साली ती सुमारे ८० लाख पौंडांस विकली गेल्याचे वृत्त आहे.

असा ठेवा आपल्याकडे नाही असे नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग मोटारींच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, आणि हैदराबादच्या निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स रॉईस चौमहल्ला राजवाड्यात लोक कौतुकाने पाहतात. परंतु मी बोलतो आहे तो राजांच्या पागेविषयी नव्हे, तर एखाद्या डॉक्टरने, शिक्षकाने किंवा पेढीवाल्याने जपलेल्या मॉरिस, फियाट आणि अँबॅसिडरविषयी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनांना 'व्ही.ए.' या अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. अशी गाडी रोजच्या कामास वापरता येत नाही. म्हणून विमापत्रात तिचा खरा उपयोग लिहिणे आवश्यक आहे.

इतिहासाने शिकविलेले आता व्यवहारात सांगतो. विमा नवा करताना आकडा स्वतः सांगा, आणि त्यास आधार द्या: चारी बाजूंची व इंजिनाची छायाचित्रे, दुरुस्तीची बिले, जाणकार मूल्यमापकाचा दाखला. हप्ता थोडा वाढेल. तो वाढू द्या. कंपनीने संमती दिलेला आकडा छापील विमापत्रात आला की नाही, हे पाहिल्यावाचून कागद कपाटात ठेवू नका.

अपघात झाल्यास प्रथम माणसे पाहा. नंतर समोरच्या वाहनाचा क्रमांक टिपा, पोलिसांत नोंद करा आणि कंपनीस तत्काळ कळवा. सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी मिस्त्रीस एक बोल्टही काढू देऊ नका. दोष दुसऱ्याचा असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आणि मोडकी गाडी लगेच सोडून देऊ नका. भंगाराची किंमत वजा करून उरलेली भरपाई घेण्याची व गाडी स्वतःकडे ठेवण्याची मागणी करता येते.

कंपनीचे उत्तर अन्यायाचे वाटल्यास प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर न आल्यास अथवा ते न पटल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. त्यास शुल्क नाही, वकील लागत नाही. गोव्याच्या लोकांना पुणे, बेळगावकरांना बेंगळुरू, इंदूर-ग्वाल्हेरकरांना भोपाळ, बडोदेकरांना अहमदाबाद आणि हैदराबादकरांना त्यांच्याच शहरातील कार्यालय आहे.

आमच्या फियाटचे काय झाले? वडिलांनी भंगाराचे सहा हजार वजा करवून घेतले, उरलेले पैसे घेतले आणि गाडी घरी आणली. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दोन वर्षे खपून तिला पुन्हा उभे केले. खर्च किती झाला ते वडिलांनी आईला अखेरपर्यंत सांगितले नाही. त्यानंतर विमा नवा करण्याच्या दिवशी एजंट घरी आला आणि सवयीप्रमाणे म्हणाला, "काका, गेल्या सालचाच आकडा घालू ना?" वडिलांनी चष्मा लावला, त्याच्या हातून अर्ज घेतला, शेजारी बिलांची जाड पुडी ठेवली आणि आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. सही त्यांनी त्यानंतर केली.