तुटक रेषांचे स्वयंचलित सदिशीकरण

तुटक रेषांचे स्वयंचलित सदिशीकरण ही स्कॅन केलेल्या कागदी नकाशावर ठिपक्यांनी किंवा लहान रेघांनी दाखवलेल्या रेषा संगणकाच्या साहाय्याने ओळखून त्यांचे सलग सदिश रेषांत रूपांतर करण्याची प्रक्रिया आहे. ती भौगोलिक माहिती प्रणाली आणि प्रतिमा संस्करण या दोन्ही क्षेत्रांत मोडते. सलग रेषेचा माग काढणे संगणकाला तुलनेने सोपे असते. तुटक रेषेत मात्र दोन रेघांमधील कोरी जागा ही रेषेचाच भाग आहे की तेथे रेषा संपते, हे प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते.

पार्श्वभूमी

नकाशाशास्त्रात रेषेची तुटकता अर्थपूर्ण असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या (स्थापना १७६७) स्थलनिर्देशक नकाशांवर राज्य, जिल्हा आणि तालुका यांच्या सीमा रेघा व ठिपक्यांच्या वेगवेगळ्या क्रमांनी दाखवतात. पायवाटांसाठीही तुटक चिन्हे वापरली जातात. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशांवर सार्वजनिक पायवाट आखूड हिरव्या रेघांनी, तर घोडेस्वारांनाही खुली असलेली वाट लांब हिरव्या रेघांनी दाखवलेली असते. म्हणजेच रेघेच्या लांबीवरून त्या वाटेवर कोणाला जाण्याचा हक्क आहे, हे कळते.

सर्वसाधारण सदिशीकरण प्रणालींना हा अर्थ कळत नाही. उदाहरणार्थ, पोट्रेस ही मुक्त प्रणाली प्रतिमेतील प्रत्येक काळ्या आकाराची बाह्यरेषा काढते. त्यामुळे एका पायवाटेऐवजी शेकडो सुटे बंदिस्त आकार मिळतात.

कार्यपद्धती

१. रंगविभाजन : नकाशातील काळा, लाल, निळा, तपकिरी असे रंग वेगळे करून हव्या त्या रंगाची द्विरंगी प्रतिमा तयार करतात. काळे आणि पांढरे यांमधील सीमामूल्य ठरवण्यासाठी नोबुयुकी ओत्सू यांची १९७९ मधील पद्धत प्रचलित आहे.

२. घटकांची निवड : एकमेकांना चिकटलेल्या पिक्सेलांचा प्रत्येक गट हा एक घटक मानून त्याची लांबी, रुंदी आणि दिशा मोजतात. मापात न बसणारे घटक, जसे अक्षरे, इमारतींची चिन्हे किंवा धुळीचे डाग, वगळले जातात.

३. साखळी जोडणे : एका रेघेच्या टोकापासून ठरावीक अंतरात आणि ठरावीक कोनात येणारी पुढची रेघ शोधतात. माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये मांडलेल्या दृष्टिसंवेदनाविषयक तत्त्वांपैकी सान्निध्य आणि सातत्य ही दोन तत्त्वे येथे लागू पडतात. सुट्या ठिपक्याला स्वतःची दिशा नसते. म्हणून ठिपक्यांच्या रेषेत आधीच्या दोन-तीन ठिपक्यांवरून पुढील दिशेचा अंदाज घ्यावा लागतो.

४. सुलभीकरण : जोडलेल्या साखळीतील अनावश्यक बिंदू कमी करतात. त्यासाठी डग्लस आणि पॉइकर यांची १९७३ मधील पद्धत सामान्यतः वापरली जाते.

याशिवाय आकृतिवैज्ञानिक पद्धतीत सर्व रेघा आधी फुगवून एकमेकींना चिकटवतात आणि नंतर पुन्हा बारीक करतात. ही पद्धत जलद आहे. परंतु रेघांमधील अंतर शेजारच्या दुसऱ्या रेषेपर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर भलत्याच रेषा जोडल्या जातात. हफ रूपांतर सरळ रेषांसाठी परिणामकारक आहे, मात्र वळणावळणाच्या पायवाटांसाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे.

अडचणी

१:५०,००० प्रमाणाचा नकाशा दर इंचाला ३०० बिंदू या घनतेने स्कॅन केल्यास एक पिक्सेल कागदावर सुमारे ०.०८५ मिलिमीटर, तर जमिनीवर सुमारे ४.२ मीटर भरतो. एक मिलिमीटर लांबीची रेघ जेमतेम १२ पिक्सेलांची होते आणि बारीक ठिपका धुळीच्या कणापासून वेगळा ओळखणे कठीण जाते.

तुटक रेषा समोच्च रेषेला छेदते, गावाच्या नावाखालून जाते किंवा एकदम काटकोनात वळते, तेथे जोडणीच्या चुका अधिक होतात. सीमा नदीच्या पात्रातून जात असल्यास काही नकाशांत सीमाचिन्हे दोन्ही काठांवर आलटून पालटून छापलेली असतात. अशा वेळी सातत्याचा निकष अपुरा पडतो.

अर्धस्वयंचलित पद्धत

वरील कारणांमुळे प्रत्यक्ष कामात मानवी देखरेख ठेवली जाते. वापरकर्ता रेषेचा आरंभबिंदू दाखवतो, प्रणाली पुढे माग काढते आणि संशयास्पद जागी थांबते. आर्कस्कॅन या प्रणालीत किती अंतरापर्यंतची फट सांधावी आणि पुढचा तुकडा किती अंशांच्या पंख्यात शोधावा, ही दोन्ही मूल्ये वापरकर्त्याला ठरवता येतात. यू-नेट (२०१५) सारखी चेताजाले नकाशातील चिन्हे पार्श्वभूमीपासून वेगळी करण्यासाठी वापरली जातात. तरीही सुटे तुकडे सांधण्याचा टप्पा बहुधा स्वतंत्रपणे करावा लागतो.

फलिताची तपासणी

सीमारेषेत एकही फट राहिली तर तिने वेढलेला प्रदेश बंदिस्त होत नाही आणि त्याचे क्षेत्रफळ काढता येत नाही. उलट चुकीची फट सांधली गेली, तर अस्तित्वात नसलेली वाट नकाशात येते. सुटी टोके शोधणे, सदिश रेषा मूळ प्रतिमेवर ठेवून पाहणे आणि अनुमानाने जोडलेले भाग वेगळे नोंदवणे या तपासणीच्या मुख्य पायऱ्या आहेत. अंतिम माहितीसाठ्यात रेषा सलग ठेवतात आणि तिचा प्रकार गुणधर्म म्हणून नोंदवतात. तुटकपणा केवळ चिन्हांकनाने दाखवला जातो. रेघांची सरासरी लांबी आणि त्यांमधील अंतर सांधणीपूर्वीच मोजून ठेवले नाही, तर पायवाट, रस्ता आणि सीमा यांतील भेद सदिश रेषेत उरत नाही.

हेही पाहा

भौगोलिक माहिती प्रणाली
स्थलनिर्देशक नकाशा
समोच्च रेषा
प्रतिमा संस्करण