चेहऱ्यासाठी घडलेली पहिली लेन्स

१. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. चित्रात मात्र तो रस्ता जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. चालती माणसे आणि धावत्या गाड्या काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये पुसल्या गेल्या. ठळक उरले ते बूट पॉलिश करून घेणारे एक गृहस्थ आणि त्यांच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला. जो स्थिर, तोच दिसणार!

२. १९ ऑगस्ट १८३९ रोजी दागेर यांची पद्धत जाहीर झाली आणि लोकांना स्वतःचे चेहरे हवेसे वाटू लागले. पण शार्ल शेव्हालिए यांची तेव्हाची लेन्स एफ/१५च्या आसपास होती. निसर्गदृश्याला ती पुरे. माणसाला मात्र उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे.

३. एफचा आकडा म्हणजे लेन्सचे नाभीय अंतर भागिले तिच्या छिद्राचा व्यास. आकडा निम्मा झाला की प्रकाश चौपट होतो. मग छिद्र सरळ मोठे का केले नाही? कारण मोठ्या छिद्रातून येणारे कडेचे किरण एका बिंदूत मिळत नाहीत आणि प्रतिमा धूसर होते.

४. हा पेच सोडवला व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झ्वाल यांनी. सहकारी आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन यांनी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला होता. प्रचंड आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील, गणित जाणणारे सैनिक त्यांच्या मदतीला देण्यात आले.

५. १८४० साली रचना सिद्ध झाली: पुढे एकमेकांना चिकटवलेली दोन भिंगे, मागे किंचित अंतर राखलेली दोन. छिद्र सुमारे एफ/३.६. एफ/१५शी तुलना केली तर प्रकाश जवळपास सतरापट! त्यात ब्रोमीनसारख्या रसायनांनी पत्रे अधिक संवेदनशील झाले आणि एक्स्पोजर मिनिटाच्या आत आले.

६. या लेन्सचा एक दोष होता. तिची प्रतिमा सपाट पृष्ठावर नीट बसत नसे. मध्यभाग लख्ख, कडा धूसर. इमारतीच्या चित्रात हे वैगुण्य ठरे. चेहरा मात्र मध्यभागीच असतो. मोठ्या छिद्रामुळे पार्श्वभूमीही विरघळे आणि नजर डोळ्यांवर खिळून राही.

७. नाभीय अंतर सुमारे १५० मिमी आणि चित्र सुमारे ९ सेंमी व्यासाचे, वर्तुळाकार. आजच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबात हे साधारण ७० मिमी होते. व्यक्तिचित्रासाठी आज ८५ मिमी निवडतात, त्यामागचे कारणही तेच: छायाचित्रकार थोडा दूर उभा राहतो, त्यामुळे नाक मोठे आणि कान लहान दिसत नाहीत. चेहऱ्याचे प्रमाण अंतर ठरवते. लेन्स फक्त चौकट ठरवते.

८. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरन यांना १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, कॅमेरा भेट मिळाला. त्यांची पहिली लेन्स पेट्झ्वाल पद्धतीचीच होती. मोठी काच, जवळचा चेहरा आणि मंद प्रकाश यांमुळे फोकसमधील खोली अगदी थोडी राही. समकालीन टीकाकारांनी त्या धूसरपणाला अकौशल्य म्हटले. कॅमेरन यांनी तो जाणूनबुजून राखला. हर्शेल, टेनिसन आणि डार्विन यांची त्यांनी घेतलेली व्यक्तिचित्रे आजही पाहिली जातात.

९. आणि पेट्झ्वाल? लेन्स घडवली आणि विकली फॉइग्टलेंडर यांच्या कारखान्याने. पेट्झ्वाल यांना एकरकमी मोबदला मिळाला. दोघांत वितुष्ट आले. ऑस्ट्रियाबाहेर पेटंट नसल्याने युरोपभर या रचनेच्या नकला झाल्या. १८९१ मध्ये पेट्झ्वाल वारले, तोवर त्यांच्या गणितातून असंख्य अनोळखी चेहरे उमटले होते.

१०. आज कॅमेऱ्यावर एफ/१.८ निवडणे हा शैलीचा प्रश्न वाटतो. त्याचे मूळ गरजेत आहे. माणूस फार वेळ निश्चल राहू शकत नाही, म्हणून छिद्र मोठे झाले; छिद्र मोठे झाले, म्हणून पार्श्वभूमी विरली. व्यक्तिचित्राचे ओळखीचे सौंदर्य या तडजोडीतून जन्मले.