विसर पडला तर: एका कुत्रीचा करार, १६८५

आज एका कराराची गोष्ट सांगतो. तारीख ७ ऑक्टोबर १६८५, मुलूख इंग्लंडमधलं वूस्टरशर. लिहून देणार जॉन हॅरिस नावाचा शेतकरी, लिहून घेणार रिब्सफर्डचे जमीनदार हेन्री हर्बर्ट. आपल्या खरेदीखतासारखंच सगळं आहे, फक्त जमिनीच्या जागी एक कुत्री आहे. तिचं नाव क्वांड, जात स्पॅनिएल.

करार असा. हॅरिसने क्वांडला १ मार्चपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच महिने, आपल्याकडे ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि तित्तिर, फेझंट वगैरे पक्षी दिसताच दबा धरून बसायला शिकवायचं. तेही कसंबसं नाही, उत्तमातली उत्तम कुत्री बसतात तसं. मोबदला एकूण ४० शिलिंग. त्यातले १० विसार म्हणून रोख, उरलेले ३० नंतर. ठरल्या दिवशी कुत्री मालकाच्या घरी पोचती करायची. खाली हॅरिसची सही नाही, निशाणी आहे. गड्याला लिहिता येत नव्हतं.

हे दबा धरून बसणं काय प्रकरण होतं, ते आधी बघू. उडत्या पक्ष्यावर बंदूक चालवणं तेव्हा इंग्लंडमध्ये सर्रास झालेलं नव्हतं. तित्तिर जाळ्यात धरत. कुत्रं वासावरून थव्याच्या जवळ जायचं आणि जमिनीला पोट लावून निश्चल बसायचं. माणसं मागून मोठं जाळं ओढत आणायची, ते कुत्र्याच्या अंगावरून पुढे जायचं आणि थवा आत सापडायचा. बसणारं कुत्रं म्हणून ‘सेटर’. म्हणजे हे काम धावण्याचं कमी आणि स्वतःला आवरण्याचं जास्त. नाकासमोर पक्षी फडफडतोय आणि झडप घालायची नाही! लांडग्याच्या वंशजाला हे शिकवायचं म्हणजे काय ते बघा.

पण मला या कागदात सगळ्यात जास्त गंमत वाटली ती शेवटच्या अटीची. सरावाअभावी किंवा आणखी कुठल्या कारणाने क्वांड पुढे हे विसरली, तर हॅरिसने तिला परत न्यायचं, स्वखर्चाने महिनाभर किंवा लागेल तितकं ठेवायचं आणि पुन्हा शिकवायचं. गरज पडेल तितक्या वेळा! आजच्या भाषेत आजीवन हमी.

ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हसलो होतो. नंतर हसू राहिलं नाही. त्याचं कारण आमच्या घरातलं आहे.

आमच्याकडे बंड्या नावाचा लॅब्राडोर आहे. लॅब्राडोरही मूळचा पक्ष्यांच्या शिकारीतलाच, बंदुकीने पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणून देणारा. इंग्लंडच्या केनेल क्लबने ही जात १९०३ मध्ये मान्य केली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद, त्यामुळे बंड्याचा पक्ष्यांशी संबंध गॅलरीतल्या कबुतरांपुरता. पण दीड वर्षाचा झाल्यावर तो रस्त्यावर ओढायला लागला, तेव्हा मी एक शिकवणारा लावला. सर रोज सकाळी सहाला यायचे, बंड्याला खाली न्यायचे, तासाने आणून सोडायचे. असे दोन महिने. मी गॅलरीतून चहा पीत बघायचो. सरांच्या डाव्या पायाशी बंड्या एनसीसीच्या पोरासारखा चालायचा. पैसे वसूल, असं मी घरात चारदा बोललो असेन.

तिसऱ्या महिन्यात आई त्याला घेऊन खाली गेली. फाटकापाशी कबुतरं दाणे टिपत होती. बंड्या सुटला, पट्ट्याचा वेढा आईच्या हाताला, आई फरशीवर. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मी सरांना फोन करून वाट्टेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “साहेब, दोन महिन्यांत तुम्ही एकदा तरी खाली आलात का?”

आता परत हर्बर्टसाहेबांकडे जाऊ. कुत्रं स्वतः न शिकवता बाहेर का दिलं, याचं एक कारण सरळ आहे, वेळ आणि हौस. दुसरं कायद्यात दडलंय. १६७१ च्या शिकार कायद्याने शिकारीचा हक्क मुख्यतः वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांना दिला होता. बाकीच्यांना बंदूक, जाळं, ग्रेहाउंड आणि असं बसणारं कुत्रं बाळगायलाही बंदी. म्हणजे तित्तिर कुठे उतरतात, कुत्रं कधी चुकतं हे पायाखालच्या वाटेसारखं माहीत असलेला गावातला माणूस असं कुत्रं स्वतःचं म्हणून ठेवू शकत नव्हता. दुसऱ्याचं शिकवणं मात्र चालत होतं. विद्या एकाकडे, हक्क दुसऱ्याकडे. आणि मधे कुत्रं.

ही व्यवस्था पुढे दीडशे वर्षं टिकली. मधल्या काळात जाळ्याची जागा बंदुकीने घेतली, सेटरच्या जोडीला पॉइंटर आला, पण शिकवण्याचं काम गेमकीपर आणि पेशेवाईक ‘डॉग-ब्रेकर’ यांच्याकडेच राहिलं. शब्द बघा, ‘ब्रेकर’! कुत्र्याला मोडणारा. पद्धतही बरेचदा नावाला जागणारी होती, चाबूक आणि आरडाओरडा. त्यात ठरलेल्या रकमेत काम करणाऱ्याचं गणित असं की कुत्रं जितके दिवस जास्त राहील तितका खाण्याचा खर्च जास्त. लवकर मोडा आणि परत पाठवा.

१८३१ मध्ये कायदा बदलला. जमिनीची अट गेली, परवाना काढणारा कुणीही शिकार करू शकत होता, अर्थात जमीनमालक परवानगी देईल तिथे. पुढे रेल्वे आली आणि लंडनचा पगारदार माणूसही ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या माळांवर पोचायला लागला. या नव्या शिकाऱ्याकडे कुत्रं होतं, पदरी गेमकीपर नव्हता.

अशा वेळी १८४८ मध्ये ग्रेनेडियर गार्ड्सचे लेफ्टनंट कर्नल हचिन्सन यांचं ‘डॉग ब्रेकिंग’ हे पुस्तक निघालं. नावात तोच जुना शब्द, पण आतला मजकूर त्याला उलटा. हचिन्सन पुढे जनरल झाले. पलटणीतला हा माणूस म्हणतो की कुत्र्यावर ओरडू नका. शब्द थोडे, आवाज हलका, शक्यतो हाताच्या खुणेने काम. रागात असताना शिक्षा नको. आणि धडे माळावर नको, घरी सुरू करा. हात वर केला की थांबायचं, समोर खाऊ ठेवला तरी परवानगीशिवाय तोंड लावायचं नाही. हे घरात पक्कं झालं की मग पक्षी दाखवा.

त्यातला एक हुकूम मला फार आवडतो. बंदूक वाजली की कुत्र्याने तिथेच खाली पडून राहायचं. का? बंदूक ठासणीची! दारू, गोळी, गज हे सगळं होईपर्यंत कुत्रं इकडेतिकडे गेलं तर उरलेले पक्षी उडणार. म्हणजे कुत्र्याची शिस्त बंदुकीच्या वेगाला बांधलेली होती.

हचिन्सनचा रोख मालकाकडे आहे. ज्याच्याबरोबर शिकारीला जायचं त्यानेच शिकवावं, कारण कुत्रं नुसता शब्द शिकत नाही, तो शब्द म्हणणारा माणूस शिकतं. आवाज, खांद्याची हालचाल, आपण कधी ढिले पडतो, सगळं. मला वाटतं जॉन हॅरिसला हे दीडशे वर्षं आधीच कळलं असणार. नाहीतर ‘सरावाअभावी’ हा शब्द त्या कागदात कशाला येईल? क्वांड विसरणार होती ती हॅरिसच्या शेतावर नाही, हर्बर्टच्या घरी.

पण मालकाचीच बाजू घेऊन मोकळं होता येत नाही. पक्ष्यापुढे स्थिर राहायला शिकवायचं तर पक्षी लागतात, भरपूर लागतात, मोकळं रान लागतं. वसंतात तित्तिर जोडीने असतात आणि दबून बसतात, म्हणून इंग्लंडात शिकवणीचा हंगाम तोच. नोकरीवाल्याने तेव्हा रजा कुठून आणायची? शिवाय नवशिक्याची एक चूक फार महागात पडते. पिल्लाच्या कानाशी अवेळी बार काढला की ते बंदुकीला कायमचं बुजू शकतं, आणि ती भीती काढायला जाणकारालाही घाम फुटतो.

१८६५ मध्ये बेडफर्डशरमध्ये साउथहिलला कुत्र्यांच्या कामाची पहिली जाहीर स्पर्धा झाली, १८७४ मध्ये अमेरिकेत टेनेसीत. स्पर्धा आली की पेशेवाईक पुन्हा वर येणारच. अमेरिकेत तर त्यांचा फिरता धंदाच झाला, उन्हाळ्यात उत्तरेच्या गवताळ प्रदेशात, हिवाळ्यात दक्षिणेच्या मळ्यांवर लाव्यांमागे. दक्षिणेत यातलं कितीतरी काम कृष्णवर्णीय माणसांनी केलं आणि चषकावर नाव मालकाचं लागलं. हॅरिसचीच गोष्ट, जास्त कडू.

त्याच देशात घरी शिकवणाऱ्यांसाठी पुस्तकंही येत राहिली. १८८० च्या दशकात हॅमंड यांनी पुस्तकाच्या नावातच ‘शिकवणं विरुद्ध मोडणं’ असा सामना लावला. चाबूक बाजूला ठेवून मांसाचा तुकडा बक्षीस द्यायचा, ही त्यांची रीत. कॅन्ससच्या हॅबरलाइन यांनी चाबकाविना सक्तीची पद्धत विकली. चाबूक नाही हे खरं, पण गळ्यात काटेरी पट्टा होता. जाहिरात तेव्हाही जाहिरातच होती. मग १९६१ मध्ये रिचर्ड वॉल्टर्स यांचं ‘गन डॉग’. मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी पिल्लांच्या वाढीवर केलेलं संशोधन त्यांनी सामान्य मालकापर्यंत नेलं. सात आठवड्यांचं पिल्लू घरी आणा आणि लगेच सुरुवात करा, थांबू नका.

आमचा बंड्या सात आठवड्यांचा होता तेव्हा आम्ही त्याचे फोटो काढत होतो. असो.

प्लास्टर निघाल्यावर मी सरांना पुन्हा फोन केला. माफी मागितली. ते यायला तयार झाले, पण पट्टा स्वतः धरणार नाही म्हणाले. आता आठवड्यातून दोनदा येतात आणि बाकावर बसतात. पट्टा माझ्या हातात असतो, आणि ते ओरडतात ते बंड्यावर नाही, माझ्यावर. “साहेब, तीन वेळा ‘बस’ नाही म्हणायचं. एकदाच.”

आई पहिले पंधरा दिवस खाली आली नाही. मग एका रविवारी आली. फाटकापासून लांब उभी राहिली, पट्टा न धरता. सरांनी तिला हात वर करायला सांगितला. तिने डावा केला, उजवा अजून दुखतो. बंड्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, मग तिच्याकडे. आणि बसला. कबुतरं तिथेच होती. त्याची शेपटी फरशीवर आपटत होती, पण तो बसून राहिला. आई म्हणाली, “अरे, आता हात खाली कधी करायचा, ते सांगा की कुणीतरी!”